मेन्यूच्या उजव्या बाजूकडे बघणाऱ्यांसाठी

नागपुरात मोठ्या हॉटेलात जेवायला जाणं आता फक्त आमदारांचं आणि बड्या व्यापाऱ्यांचं राहिलेलं नाही. रामदासपेठेत तुली इम्पीरियल आणि सेंटर पॉइंट, वर्धा रोडवर प्राइड, रॅडिसन ब्लू, ली मेरिडियन. मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला, मुलीला पुण्यात पहिला पगार मिळाला, आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली की घरात ठरतं, यंदा जरा मोठ्या हॉटेलात जाऊ. जायलाच पाहिजे. पण परत येताना गाडीत बहुतेक वेळा एक वाक्य ऐकू येतं, "एवढ्यात महिन्याचा किराणा आला असता." हे वाक्य कंजूषपणातून येत नाही. काय मागवावं ते कळलं नाही, विचारायची लाज वाटली आणि बिल न वाचताच भरलं, की ते तोंडून निघतं.

म्हणून ज्यांना अशा हॉटेलाचा सराव नाही त्यांना माझं सांगणं एवढंच आहे: दडपणाखाली ऑर्डर देऊ नका आणि दडपणाखाली बिलही भरू नका. सीताबर्डीवर साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, कापड चिमटीत धरून बघतो, भाव विचारतो. मग संगमरवरी लॉबीत शिरल्याबरोबर तोंड का बंद होतं?

विचारण्याची सुरुवात घरूनच करा. जायच्या आधी हॉटेलच्या रेस्टॉरंटला फोन लावा. बुफे आहे की मेन्यूतून मागवायचं? बुफे असेल तर माणशी किती, आणि तो आकडा कर धरून की वरून कर? लहान मुलांना अर्धे पैसे लागतात का, कोणत्या वयापर्यंत? सर्व्हिस चार्ज लावता का? शाकाहारी लोक असतील तर शाकाहारी तंदूर आणि तळणाचं तेल वेगळं आहे का? फोन उचलणाऱ्याला हे प्रश्न रोजचेच असतात, त्याला नवल वाटत नाही. वेळही विचारा. अशी रेस्टॉरंट रात्री सातनंतर, कुठे साडेसातला सुरू होतात आणि ऑर्डर दिल्यावर अर्धापाऊण तास सहज जातो. सातला जेवून नऊला झोपणाऱ्या वडिलांसाठी दुपारचं जेवण बरं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर घरून टोचून निघूच नये, किती आधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा आणि लग्नसराईत ही हॉटेलं गजबजलेली असतात. ते दिवस टाळले तर टेबलही मिळतं आणि वाढणाऱ्याला तुमच्याकडे बघायला फुरसतही असते.

कपड्यांची काळजी नको. हाफपँट आणि रबरी चप्पल सोडली तर साडी, सलवार-कुर्ता, पायजमा, धोतर, काहीही स्वच्छ चालतं. आईसाठी शाल मात्र न्या, एसी कडक असतो. गुडघे दुखत असतील तर खोल सोफ्याचं टेबल घेऊ नका, सरळ पाठीच्या खुर्च्यांचं मागा. कोपऱ्यातलं, स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल दिलं आणि बाकीचा हॉल रिकामा दिसत असेल तर दुसरं मागायला काहीच हरकत नाही.

आता आईबाबांना घेऊन जाणाऱ्या मुलांसाठी थोडं. तुम्हाला वाटतं, सगळं त्यांच्या आवडीचं मागवू. पण आईच्या हातात मेन्यू दिला की ती डावीकडची नावं वाचतच नाही. तिची नजर उजवीकडच्या आकड्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरते, सगळ्यांत लहान आकडा सापडतो आणि ती म्हणते, "मला बाई भूक नाही, दहीभात सांग." मग तुम्ही चिडता, ती गप्प होते. यापेक्षा मेन्यू तुम्ही हातात घ्या, आधी बघून ठेवा आणि तिला दोनच गोष्टींतून निवडू द्या. घरून निघतानाच सांगून टाका की आज एवढे पैसे खर्च करायचे ठरवले आहेत आणि ते बाजूला काढले आहेत. आकडा खोटा सांगू नका, बिल कधी ना कधी तिच्या हाती लागतंच. आणि आईबाबांनाही सांगणं आहे: मुलानं आणलं आहे तर खा. दहीभात उद्या घरी आहेच.

मागवायचं काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी या स्वयंपाकघराची रीत थोडी माहीत असलेली बरी. मोठ्या हॉटेलातला भारतीय मेन्यू नागपुरात असो की कोचीत, बराचसा उत्तरेकडचा असतो. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी १९४७ मध्ये दिल्लीत दर्यागंजला मोती महल हे रेस्टॉरंट सुरू केलं. तंदुरी कोंबडी, बटर चिकन आणि काळी डाळ यांचा बोलबाला तिथून देशभर झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या मौर्य हॉटेलात बुखारा हे रेस्टॉरंट आलं आणि तंदूर पंचतारांकित झाला. पुढे लखनवी वळणाचे शेफ इम्तियाज कुरेशी यांनी हंडीचं तोंड कणकेनं बंद करून मंद आचेवर शिजवायच्या दम पद्धतीला त्याच हॉटेलात मान मिळवून दिला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी वस्ती उभी राहिलेल्या आपल्या शहराला ही चव परकी नाही. पण त्यामुळे एक झालं. सगळीकडचे मेन्यू बहिणी-बहिणी दिसू लागले.

त्यात कामाची गोष्ट अशी. मेन्यूवर पनीरच्या आठ आणि चिकनच्या दहा भाज्या दिसल्या तरी आत बहुधा तीन-चारच ग्रेव्ह्या तयार असतात: टोमॅटो-लोण्याची मखनी, परतलेल्या कांदा-टोमॅटोची, काजू-मगजाची पांढरी आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यात पनीर, कोफ्ता किंवा कोंबडी पडते, वरून वेगळा मसाला, साय किंवा फोडणी. यात फसवणूक नाही. एका वेळी शंभर लोकांना गरम जेवण द्यायचं तर असंच करावं लागतं. पण हे माहीत नसलं की आपण पनीर बटर मसाला, पनीर मखनवाला आणि बटर चिकन तिन्ही मागवतो आणि तिन्ही वाट्यांत जवळजवळ एकच रस्सा येतो. म्हणून विचारा, "याची ग्रेव्ही कोणती?" एक लाल घेतली तर दुसरी हिरवी किंवा सुकी घ्या. काजूची ॲलर्जी कोणाला असेल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण पांढऱ्या ग्रेव्हीत काजू बहुधा असतोच आणि मेन्यूवरच्या नावातून तो कळतोच असं नाही.

पैसे जिथे वसूल होतात तिथेच घाला. घरी तंदूर नसतो. त्याची आच आपल्या गॅसच्या आवाक्याबाहेरची, म्हणून कबाब, टिक्का, तंदुरी आलू, भरवां शिमला मिरची, नान या गोष्टी तिथेच खाव्यात. रात्रभर मंद आचेवर राहिलेली काळी डाळ तिथे खावी. दम बिर्याणी तिथे खावी. जिरा राइस, मिक्स व्हेज, पिवळी डाळ फ्राय आणि व्हेज पुलाव हे मात्र घरी उत्तम होतात. चांगल्या शेफच्या हाताखालचा जिरा राइस शेवटी जिरा राइसच असतो, फक्त त्याचा आकडा मोठा असतो. मुलांसाठी पास्ता आणि मंचुरियन मागवण्याबद्दल मी काही बोलत नाही. ते भांडण प्रत्येक घरानं आपापलं मिटवावं.

एका वाटीत किती जण जेवतील हे कॅप्टनला विचारा. ऑर्डर घेणाऱ्याला तिथे कॅप्टन म्हणतात. बहुतेक ठिकाणी एका भाजीत दोन-तीन जणांचं भागतं. चौघांनी एक स्टार्टर, दोन भाज्या, एक डाळ एवढ्यावर सुरुवात करावी. कमी पडलं तर आणखी मागवता येतं, टेबलावर आलेलं परत देता येत नाही. रोट्या एकदम आठ सांगू नका. तंदुरी रोटी पाच मिनिटांत चिवट होते, दोन-दोन करून मागवा. उरलं तर बांधून मागा. मेन्यूतून मागवलेलं अन्न बहुतेक ठिकाणी बांधून देतात. काही हॉटेलं त्यासाठी कागदावर सही घेतात, कारण घरी नेल्यावर अन्न बिघडलं तर जबाबदारी त्यांची राहू नये. सही करा आणि न्या. बुफेतलं मात्र बांधून मिळत नाही, तिथे तो हट्ट करू नये.

कॅप्टन गोड बोलतो आणि सुचवतो. सुचवणं हे त्याचं कामच आहे, त्यात महागडे पदार्थ पुढे करणंही आलं. त्यानं "आज शेफ स्पेशल घ्या" म्हटलं तर "छान, केवढ्याला?" एवढंच विचारा. खुर्चीत टेकताच पहिला प्रश्न येतो, "रेग्युलर वॉटर की मिनरल?" उत्तर न देता मान डोलावली की बाटली उघडली जाते. साधं फिल्टरचं पाणी चालत असेल तर मोठ्यानं "रेग्युलर" म्हणा. बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन लागू होत नाही, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, जागा आणि सेवाही दिली जाते. निर्णय आपल्याला आवडो न आवडो, बाटली उघडायच्या आधी भाव विचारणं आपल्या हातात आहे.

आणि हातानं खा. काट्या-चमच्यानं रोटी तोडायची कसरत करणारे काका बघितले की मला वाईट वाटतं. बुखारामध्ये टेबलावर काटे-चमचे मांडलेलेच नसतात. गळ्यात ॲप्रन बांधायचा आणि हातानं जेवायचं. अमेरिकेचे अध्यक्ष असताना बिल क्लिंटन तिथे जेवले आणि त्यांच्या नावाची थाळी आजही मेन्यूवर आहे. तिथे चालतं ते वर्धा रोडवर का चालू नये? शेवटी कोमट पाण्याची वाटी आणि लिंबाची फोड येते ती हात धुवायला असते. माहीत नव्हतं म्हणून कोणी त्यात लिंबू पिळून प्यायलं तर बाकीच्यांनी हसू नये.

बोला मराठीतच. तुमचं टेबल सांभाळणारा मुलगा भंडाऱ्याचा किंवा गोंदियाचा निघायची शक्यता बरीच आहे. मराठीत विचारलं तर तो मोकळेपणानं सांगेल, "काका, ते नका घेऊ, तुम्हाला तिखट कमी वाटेल." नागपूरच्या जिभेला तिथलं जेवण फिकं लागणार हे ठरलेलंच. हिरवी मिरची, कांदा, लिंबू मागून घ्या, किंवा ऑर्डर देतानाच तिखट वाढवायला सांगा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आता बिल. इथे थोडं हिशोबात शिरावं लागेल. मेन्यूवरचे आकडे बहुधा कराआधीचे असतात. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो. पण ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात खोली दिवसाला साडेसात हजारांहून जास्त भाड्यानं गेली असेल, किंवा हॉटेलनं स्वतःच तसं जाहीर केलं असेल, त्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. ही नवी रचना १ एप्रिल २०२५ पासून आहे. म्हणजे तुम्ही खोली घेतली नाही तरी तुमच्या डाळीवरचा कर वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या भाड्यावरून ठरतो. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून बिलात ती वेगळी दाखवलेली असावी.

समजा मेन्यूप्रमाणे चार हजारांचं जेवण झालं. १८ टक्के कर धरून ४,७२० रुपये होतात. त्यात कोणी १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला तर ४,४०० वर कर लागतो आणि आकडा ५,१९२ होतो. मधले ४७२ रुपये भरायचे की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल किंवा रेस्टॉरंटनं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालू नये, दुसऱ्या नावानंही वसूल करू नये, तो दिला नाही म्हणून ग्राहकाला दारातून परत पाठवू नये. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. संघटनांनी पुढे अपील केलं.

तेव्हा बिलात ती ओळ दिसली तर आवाज न चढवता म्हणा, "हा सर्व्हिस चार्ज काढून द्या." बहुतेक वेळा नवीन बिल येतं. मॅनेजर "आमची पॉलिसी आहे" म्हणाला तर बिल भरून पावती जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंही झालं नाही तर नागपुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. चारशे रुपयांसाठी एवढं कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. तुमचं बरोबर आहे, फार थोडे लोक करतात. पण हेल्पलाइनला फोन लावायला वकील लागत नाही. बिलावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही असायला हवा, जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. जेवणात काही बिघाड निघाला तर तक्रारीला तोच नंबर उपयोगी पडतो.

सर्व्हिस चार्ज काढायला लावलात म्हणून टिप देऊ नका असं मात्र मी म्हणत नाही. उलट टिप द्या, आणि ज्यानं वाढलं त्याच्या हातात रोख द्या. बिलात छापलेला चार्ज त्या मुलापर्यंत किती पोचतो हे आपल्याला दिसत नाही, हातात दिलेले शंभर रुपये दिसतात. आणि पैशांइतकंच, त्याला "ए" म्हणून हाक मारू नका, चुटकी वाजवू नका. काही लोक दडपण आलं की वेटरवर खेकसतात. घरच्यांसमोर रुबाब राहावा म्हणून असेल, पण ते फार वाईट दिसतं.

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पाहुणे मुंबईहून येतात, ताडोबा-पेंचला जाताना एक रात्र नागपुरात राहतात, हॉटेलात जेवतात आणि त्यांच्या पानात नागपूर कुठेच नसतं. ज्या शहरात हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून सावजी रस्सा बाहेर आला, जिथे पातोडीचा रस्सा, वडा-भात, गोळाभात, सांबारवडी, भरडा, तर्रीपोहे आहेत, तिथल्या मोठ्या हॉटेलात ते एखाद्या फूड फेस्टिव्हलपुरते झळकतात. मग पुन्हा दाल मखनी. हॉटेलवाले म्हणतील, मागणी नाही. त्यात तथ्यही आहे, कारण आपणच तिथे जाऊन पनीर मागवतो. बंगळूरच्या ताज समूहाच्या हॉटेलात १९९० मध्ये करावली हे रेस्टॉरंट सुरू झालं. मंगळूर, गोवा, केरळच्या घरांतलं मासे-नारळाचं जेवण त्यांनी सन्मानानं मांडलं आणि आज लोक मुद्दाम ते खायला तिथे जातात. वऱ्हाडी जेवणात तेवढी ताकद नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यानं जवसाच्या तेलातला सावजी रस्सा ज्वारीच्या भाकरीशी खाऊन बघावा आणि मग बोलावं. इथलेच शेफ विष्णू मनोहर यांनी २०१७ मध्ये सलग बावन्न तासांहून जास्त वेळ स्वयंपाक करून दाखवला तेव्हा ते बघायला गर्दी लोटली होती. आपल्या जेवणाचं कौतुक या शहराला आहे, ते फक्त हॉटेलच्या कॅप्टनपर्यंत पोचवायचं राहिलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी वाढदिवसाचं टेबल सांगताना आणखी एक प्रश्न विचारा: "वऱ्हाडी काय मिळेल?" काही नाही असं उत्तर आलं तर म्हणा, आदल्या दिवशी सांगितलं तर शेफ करून देतील का? जेवण झाल्यावर अभिप्रायाचा कागद पुढे येतो, त्यावर नुसतं "व्हेरी गुड" लिहून सही करू नका. "सांबारवडी आणि पातोडीचा रस्सा मेन्यूवर ठेवा, आम्ही पुन्हा येऊ," असं मराठीत लिहा. असे कागद महिन्यात पाच-पन्नास जमले की शेफला ते वाचावेच लागतील.